बाईंना विचारा : माझी मंडळी कोणती?

पत्र पहिलं

आदरणीय बाई, सप्रेम जय ख्रिस्त.

मी राहुरी तालुक्यातल्या एका गावची. पणजोबांपासून आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, म्हणजे त्या चर्चचे, आता सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). आजोबा पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण (कन्फर्मेशन) दहावीनंतर. आता वय एकतीस. चिंचवडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते.

इथे आल्यावर खोलीतल्या मैत्रिणीबरोबर एका प्रार्थना-सहभागितेत जाऊ लागले. भाड्याचा हॉल, गिटार, ड्रम, टाळ्या. लोक मोठ्याने रडतात, आत्म्याने दिलेल्या, कोणाला न कळणाऱ्या 'अन्य भाषां'तून प्रार्थना करतात. सुरुवातीला घाबरले. पण बाबा गेले त्या रात्री हीच माणसं माझ्याबरोबर गाडी करून गावापर्यंत आली. आता पास्टर म्हणतात, तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नव्हे. समजून-उमजून पाण्यात उतर.

त्यात माझं लग्न ठरलंय, वसईच्या कॅथलिक मुलाशी. त्याच्याबरोबर मिस्सेला गेले. तिथे कोणी माझ्या भावना ताणत नाही, मला गप्प बसता येतं, ते फार बरं वाटतं. पण ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे कम्युनियनची, रांग लागली की मी बाकावर एकटी. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, "तू आमच्यात ये, सगळं सोपं होईल." आई म्हणते, "मंडळी सोडलीस तर आजोबांना काय वाटेल?" आजोबा जाऊनही बरीच वर्षं झाली.

तिन्हीकडे मला काहीतरी मिळतं आणि तिन्हीकडे मी पाहुणी. माझी मंडळी कोणती? की मी नुसती भटकी?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

तुला 'तू' म्हणते; शाळेतली सवय आहे, जात नाही.

लग्नाची तारीख जवळ असेल, म्हणून निकडीचं आधी घेऊ. पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नकोस. निदान आत्ता, या धावपळीत आणि या दडपणाखाली तर नकोच.

तुझे पास्टर काही मनचं सांगत नाहीत, हे आधी मान्य करू. १५२५ साली झ्यूरिचमध्ये काही माणसांनी ठरवलं की बाप्तिस्मा विश्वासानंतर, आधी नाही. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत लिम्मत नदीत बुडवून मारलं. मारणारे पोपचे लोक नव्हते. सुधारणावादी प्रॉटेस्टंट नगरपरिषद होती. ज्या मतासाठी माणसांनी जीव दिला त्याची टिंगल करू नये. आपल्याकडे "डुबकीवाले" म्हणून हसणारी मंडळी मी खूप पाहिली आहेत, आणि ती बहुधा स्वतः वर्षातून दोनदाच चर्चला येतात.

पण तुझ्या पास्टरांना कदाचित ठाऊक नसेल की या प्रश्नावर तुझ्या स्वतःच्या मंडळीत आधीच खल झाला आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते सहा परंपरा एकत्र येऊन. त्यात अँग्लिकन होते आणि तुझ्या पणजोबांच्या काँग्रिगेशनल वळणाचे लोक होते, हे दोघे तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे. त्यातच बाप्टिस्ट आणि ब्रदरन होते, ते मोठ्यांनाच पाण्यात उतरवणारे. चाळीसेक वर्षं वाटाघाटी चालल्या होत्या. शेवटी ठरलं की दोन्ही रीती राहतील, आणि एकाने दुसऱ्याची रीत खोटी म्हणायची नाही. म्हणजे तू ज्या चर्चमध्ये वाढलीस त्यात पास्टरांच्या मताला जागा आहे; पास्टरांच्या हॉलमध्ये तुझ्या बाप्तिस्म्याला जागा नाही. मला हा फरक लहान वाटत नाही.

दुसरं, दुसऱ्यांदा पाण्यात उतरलीस तर पहिलं काहीच नव्हतं असं तू सगळ्यांसमोर म्हणतेस. त्या दिवशी तुला कडेवर घेऊन उभी राहिलेली आई, "हिला आम्ही विश्वासात वाढवू" असं उभं राहून बोललेली गावची मंडळी, त्यानंतरची संडे स्कूलची वर्षं, हे सगळं शून्य. तुला खरोखर तसं वाटतं का? तुझ्या पत्रावरून मला तसं दिसत नाही. आणि व्यवहाराचंही एक आहे. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तुझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. लग्नाच्या कागदांत त्याचा दाखला लागेल. गावच्या पाळकांकडून रजिस्टरचा उतारा आत्ताच मागवून घे. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली की मग धावाधाव होते.

पास्टरांना एवढंच विचार : "मी पुन्हा बाप्तिस्मा न घेता तुमच्यात प्रार्थनेला आले तर चालेल का?" ते काय म्हणतात यावरून तुला पुष्कळ कळेल. चालेल म्हणाले, तर भले गृहस्थ आहेत. नाही म्हणाले, तरी त्या रात्री गाडीत बसून तुझ्या गावाला आलेली माणसं तुझी आहेतच. ती कुठल्या हॉलच्या मालकीची नव्हेत.

आता त्या टाळ्या आणि अन्य भाषा. गावी कोणी म्हणेल, हे अमेरिकेचं वेड. सांग त्यांना, आधी केडगावला जाऊन या. १९०५ च्या जूनअखेर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, रात्र रात्र थांबेनात. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध धर्मजागृती, जिला अशा प्रार्थनेचा उगम मानतात, ती त्यानंतरची, १९०६ च्या एप्रिलमधली. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स नावाच्या मेथडिस्ट बाईंनी त्या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते चिलीतल्या वॉलपरायझोला एका मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचलं, आणि १९०९ साली तिथे जे सुरू झालं त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल चर्चेस उभी राहिली. दौंडच्या अलीकडच्या त्या स्टेशनाजवळून! पुणे–दौंड लोकलने जाताना किती जणांच्या डोक्यात हे येतं?

मात्र हेही लक्षात ठेव. अन्य भाषा बोलणं ही प्रत्येकाला हवीच अशी खूण आहे, असं रमाबाईंनी कधी मानलं नाही. तुझ्या तोंडून तशी प्रार्थना निघत नसेल तर तुझ्यात काही कमी आहे असं कोणाला म्हणू देऊ नकोस.

रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर थोडी थांबते, कारण तुझ्या पत्रात तू स्वतःला 'भटकी' म्हटलं आहेस. तुझ्याआधी या रस्त्याने गेलेली सगळ्यात मोठी बाई तीच.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज गावी रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजच्या सिस्टर्स अँग्लिकन, त्यातही उच्च परंपरेच्या : जोगिणींचे झगे, नेमाच्या प्रार्थना, बिशपांचा अधिकार. त्यांनी रमाबाईंना प्रेमाने ठेवलं, शिकवलं. आणि मग खटके उडू लागले. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आई. त्यांच्याशी रमाबाईंनी पत्रांतून जो वाद घातला तो आजही वाचताना घाम फुटतो. त्रैक्यावर, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर वाद, चमत्कारांवर वाद, चर्चने सांगितलं म्हणून का मानायचं यावर वाद. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, त्यावर वाद. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावरही वाद. इंग्लंडातल्या बिशप लोकांना ही पंचविशीतली ब्राह्मण विधवा हट्टी वाटली. हट्टी होतीच. हट्टी नसती तर कलकत्त्यापर्यंत पायी हिंडून पंडिता झाली नसती.

तिथून त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये. या देशांत त्यांनी नाना पंथ पाहिले, आणि प्रत्येक जण बायबल उघडून आपलंच खरं म्हणत होता. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणी लिहिलं की हे सगळं पाहून आपण गोंधळून गेलो. आणखीही एक लिहिलं, ते तू नीट वाच : बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे शब्द माझे आहेत, अर्थ त्यांचा.

मग त्यांनी काय केलं? कुठल्या एका पंथाच्या दाराशी जाऊन कायमच्या बसल्या नाहीत. पण, आणि हे लोक विसरतात, त्या एकट्याही राहिल्या नाहीत. मुंबईत शारदा सदन, मग पुण्यात, मग केडगावात शेकडो दुष्काळग्रस्त मुली. सकाळची घंटा, प्रार्थना, शेत, विहीर, छापखाना, पुन्हा प्रार्थना. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल करायला घेतलं आणि १९२२ साली मरेपर्यंत ते हातावेगळं केलं. पंथाचं नाव नसलेल्या या बाईचं घर मात्र असं होतं की तिथे कोणी आजारी पडलं तर तासाभरात तिला कळत असे.

आता तुझ्या आजोबांचे टिळक. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला, भारतीय पाळकाच्या हातून. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको असा त्यांचा आग्रह होता. लक्ष्मीबाई पाच वर्षं मागे राहिल्या, आणि १९०० साली तुझ्याच राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा-बायको देवाच्या बाबतीत एका पावलावर चालले नाहीत तरी संसार टिकतो, हे तुझ्या तालुक्याने आधीच पाहिलं आहे. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा, असा त्यांचा बेत होता. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार फोफावला नाही. पण भजनं? ती मिशनने ठेवली, अँग्लिकनांनी घेतली, मेथडिस्टांनी घेतली, आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या धर्मग्रामातही (पॅरिशमध्ये) कधी ना कधी तुझ्या कानावर पडतील. तेव्हा मोठ्याने म्हण.

एक विचारू? गावच्या देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पेटी आता कोण वाजवतं? तू लिहिलं नाहीस.

आता वसई. सासूबाईंनी "आमच्यात ये" म्हटलं ते प्रेमाने, असंच धरून चाल. पण "सोपं होईल" हे काही चर्च बदलण्याचं कारण नव्हे, आणि हे तुला कोणताही समजूतदार फादर सांगेल. कॅथलिक व्हायचं तर ते बरोबर वाटतं म्हणून हो. लग्नासाठी त्याची गरज नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे, दोघांपैकी एक कॅथलिक आणि दुसरा वेगळ्या चर्चचा बाप्तिस्मा घेतलेला असेल तर बिशपांची परवानगी लागते. कॅथलिक बाजूने दोन गोष्टी कबूल करायच्या असतात : आपला विश्वास सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिकवण मिळावी म्हणून शक्य ते सगळं करीन. ही कबुली तो देणार, तू नाही; तुला फक्त तिची कल्पना द्यायची असते. १९७० पर्यंत दुसऱ्या बाजूकडूनही वचन घेत, ते बंद झालं. लग्न तुमच्या गावच्या देवळात लावायचं असेल तर त्याचीही वेगळी मुभा मागता येते. फादरांशी आणि तुमच्या पाळकांशी दोघांनी मिळून बोला. हॉल, केटरिंग आणि बँडबाजा ठरवण्याआधी बोला.

आणि मुलांचं आधी ठरवा. "बघू तेव्हाचं तेव्हा" असं म्हणणारी जोडपी मी शाळेत प्रवेशाच्या रांगेत भांडताना पाहिली आहेत, अर्जातल्या एका रकान्यावरून.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेचं दुःख खरं आहे, त्यावर फुंकर घालून उपयोग नाही. तू कमी ख्रिस्ती आहेस म्हणून तुला अडवलेलं नाही. त्यांच्या समजुतीत त्या भाकरीला हात लावणं म्हणजे त्या चर्चशी पूर्ण एकी असल्याचं सांगणं, आणि ती एकी अजून झालेली नाही. होण्याच्या वाटेवर आहे का? थोडीफार. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिकांनी आणि लुथरनांनी तारण कृपेने मिळतं या मुद्द्यावर एकत्र सही केली, ज्यावरून सोळाव्या शतकात युरोप फाटला होता. २००६ मध्ये जगभरच्या मेथडिस्टांनी त्यावर सही केली. प्रभुभोजनाचं मेज मात्र अजून वेगळं. काही धर्मग्रामांत हात छातीवर दुमडून रांगेत गेलं की फादर फक्त आशीर्वाद देतात; तुमच्याकडे ती रीत आहे का ते विचार. नसेल तर बाकावर बसून राहा. त्या बाकावर तू एकटी नसतेस, मागे वळून बघ, निम्मे लोक आपल्याच कारणांनी बसलेले असतात. आणि सीएनआयच्या प्रभुभोजनाला त्याला बोलावण्याआधी त्याच्या चर्चचं म्हणणंही लक्षात घे. त्यालाही तीच अडचण आहे, उलट्या बाजूने.

लग्नाच्या आधी दोन्हीकडची तोंडं उघडतील, त्याची तयारी ठेव. तुझ्याकडचे म्हणतील, "ते मूर्ती पुजतात." त्यांना सांग, वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मेला, अमेरिकन मिशनचे पहिले लोक मुंबईत उतरले त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी. तिकडचं कोणी म्हणेल, "हे दुष्काळातले ख्रिस्ती." त्यांना काय सांगायचं ते तू ठरव, पण गप्प बसू नकोस. ज्या दुष्काळात बाकीच्यांनी दार लावून घेतलं त्या दुष्काळात तुझ्या पणजोबांनी दार उघडं पाहिलं, यात लाजण्यासारखं काय आहे?

माझं घर कसं चाललं ते सांगते, सल्ला म्हणून नाही, करमणूक म्हणून. मी तुझ्यासारखीच नगर जिल्ह्यातल्या मंडळीतली, नोकरीने पुण्यात आले, गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाच्या घंटांच्या मनोऱ्याखाली राहिले आणि काँग्रिगेशनलची अँग्लिकन केव्हा झाले ते मलाच कळलं नाही. यजमान कट्टर मेथडिस्ट. त्यांचं चर्च १९७० च्या ऐक्यात येणार येणार म्हणत ऐन वेळी बाहेर राहिलं. आमचे हे म्हणायचे, नागपुरात जमलं नाही ते आम्ही घरात जमवलं. जमवलं म्हणजे काय? ते त्यांच्या चर्चला, मी माझ्या, आणि दुपारी जेवताना दोन्ही संदेशांची चिरफाड. थोरलीचा बाप्तिस्मा त्यांच्याकडे, दृढीकरण माझ्याकडे. वाद झाला तो सिद्धांतावर कधीच नाही. 'उपासना संगीत'मधलं गीत कुठल्या चालीत आणि किती संथ म्हणायचं, यावर. शेवटपर्यंत मिटला नाही.

तर माझं मत, तू मागितलंस म्हणून स्पष्ट. तू सीएनआयमध्ये राहा, पण गावात नाव आणि चिंचवडात शरीर असं नको. पाळकांकडून शिफारसपत्र घे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या जवळच्या मंडळीत सभासद हो. लग्नानंतर वसईला राहायला गेलीस तर तिथून जवळची शोध, लोकलने अर्धा-पाऊण तास लागला तरी. एक-दोन रविवारांआड त्याच्याबरोबर मिस्सेला जा, पाहुणी म्हणून नाही, घरची म्हणून. स्वयंपाकघरात हात लाव, सणाला फुलं सजवायला जा. सहभागितेची आठवड्याची प्रार्थना पास्टर येऊ देतील तोवर सोडू नकोस. आणि कुठल्या तरी एका जागी काम घे. तुझ्या पत्रात "मला मिळतं" हे आलं. कुठे तुझ्यावाचून अडतं, हे आलं नाही. शनिवारी खुर्च्या मांडणारी, संडे स्कूलच्या पोरांना हाकणारी, आजाऱ्याला डबा नेणारी बाई एका रविवारी आली नाही की दुपारपर्यंत फोन येतो. नुसतं येऊन बसणारी सहा महिने आली नाही तरी कोणाला पत्ता लागत नाही. शाळेत हजेरी घेताना मला हेच दिसायचं : जे पोर फळा पुसायचं, त्याची गैरहजेरी सगळ्या वर्गाला कळायची.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचार कर. तेव्हा मन कॅथलिक चर्चकडेच ओढत असेल तर जा, खुशाल जा. पुन्हा बाप्तिस्मा लागणार नाही, विश्वासाची कबुली आणि त्यांचं दृढीकरण पुरतं. आईला तेव्हा मी पत्र लिहीन.

आणि सवड काढून एकदा शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचा इतिहास कोणाकडून तरी ऐक. त्यामागचा ख्रिस्त सेवा संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ मध्ये सुरू केला. १९७० च्या दशकात तिथे दोन प्रकारच्या सिस्टर्स एकत्र राहू लागल्या, अँग्लिकन आणि कॅथलिक. त्यातल्या अँग्लिकन कुठल्या? वाँटेजच्या. ज्यांच्याशी रमाबाई भांडल्या, त्याच संघाच्या.

पत्र दुसरं

बाई, मी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. घर साध्या प्रॉटेस्टंट वळणाचं. यूट्यूबवर ऑर्थडॉक्स उपासना पाहून वेडा झालोय. एकदा मलंकारा ऑर्थडॉक्स चर्चला गेलो, सगळे मलयाळी. मराठी माणसाने तिथे जाणं म्हणजे नाटक वाटेल का?

— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर

नाटक वाटायचं कारण नाही. तुझ्या आधी एक कोकणी माणूस गेला आहे, तोही गोव्याचा कॅथलिक धर्मगुरू : आंतोनियो फ्रान्सिश्कू शाव्हियर आल्वारिस. पोर्तुगीज सरकारशी आणि चर्चच्या वरिष्ठांशी त्याचं बिनसलं, तो मलंकारा ऑर्थडॉक्स झाला आणि १८८९ मध्ये त्याला मार ज्युलियस म्हणून बिशपपद मिळालं. उडपीजवळ ब्रह्मावरला कोकणी बोलणारे ऑर्थडॉक्स अजून आहेत, त्यामागे त्याचीच खटपट. पणजीजवळ रायबंदरच्या ऑर्थडॉक्स चर्चमध्ये त्याची कबर आहे. गोव्याला मित्रांबरोबर जातोसच, तेव्हा अर्धा तास काढ.

फक्त यूट्यूबवर कुणाचे पाय दुखत नाहीत. कुर्बाना, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, दोन तास चालतो आणि बराचसा उभ्याने. बुधवार-शुक्रवारचे उपास असतात, ईस्टरआधी पन्नास दिवसांचा मोठा उपवास असतो. आधी निनवेचा तीन दिवसांचा कर, तो मोठ्याच्या काही दिवस आधी येतो. मेसमधलं चिकन सोडून किती टिकतोस ते बघ. उपासनेनंतर आचेन, म्हणजे तिथले धर्मगुरू, यांना भेट आणि इंग्रजी कुर्बाना कधी असतो ते विचार. थोडं मलयाळम शीक. वर्षभर जा. घरी मात्र आत्ताच "तुमचं सगळं चुकलं" असं भाषण देऊ नकोस. नव्याने ऑर्थडॉक्स झालेल्या तरुणांना हा ताप हमखास येतो, बहुतेकांचा दुसऱ्या वर्षी उतरतो.

पत्र तिसरं

आमच्या मंडळीत जमिनीवरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. दोन गट, दोन खजिनदार. मी सेवानिवृत्त आहे, भांडणं ऐकवत नाहीत. घरीच बायबल वाचतो. चालेल ना?

— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर

काही दिवस चालेल, काका. पण प्रभुभोजन घरी एकट्याने होत नाही, आणि आजारी पडलात तर प्रार्थनेला कोणता गट येणार, हा प्रश्न उरतोच.

मधला मार्ग सुचवते. रविवार सोडा. आठवड्यातल्या महिला मंडळाच्या प्रार्थनेला जा आणि मागच्या बाकावर बसा. बायका काही म्हणणार नाहीत. तिथे खजिनदार एकच असते, जमिनीचा विषय निघत नाही आणि शेवटी चहा असतो. १८९० साली मिशनचा चहा प्यायल्यावरून रानड्यांपासून लोकमान्यांपर्यंत सगळे ग्रामण्यात, म्हणजे जातीच्या बहिष्कारात, सापडले होते. तुमच्यावर तेवढी वेळ येणार नाही.